बियांचे पाकीट टपालात टाकण्याआधी समोरच्या देशाला विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशी टपालाबद्दल वर्तमानपत्रांत जे छापून येते, त्यात वजन, दर आणि जकात यांचीच चर्चा असते. बागेतले बी किंवा खाण्याचे पदार्थ पाठवायचे असतील तर जकात हा सगळ्यांत किरकोळ प्रश्न ठरतो. असे पार्सल अडते ते वनस्पतींच्या किंवा प्राण्यांच्या आरोग्यासाठी केलेल्या नियमांवर, आणि ते नियम मुख्यतः ज्या देशात पार्सल उतरणार त्या देशाचे असतात. म्हणूनच पहिले पाऊल पाठवणाऱ्याने नव्हे, तर घेणाऱ्याने उचलायचे असते. त्याने आपल्या देशात काय चालते ते पाहायचे, लागत असेल तर परवाना काढायचा, त्याची प्रत पाठवणाऱ्याकडे धाडायची आणि मगच इकडे पाकीट बांधायला घ्यायचे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा उलटे होते: आधी पार्सल निघते, मग चौकशी सुरू होते. तोवर ते परक्या देशाच्या टपाल केंद्रात जाऊन अडकलेले असते.

टपालाच्या खिडकीवर पार्सल स्वीकारले, पावती मिळाली, म्हणजे ते चालते असा समज सर्वत्र आहे. खिडकीवर वजन, बांधणी, पत्ता आणि धोकादायक वस्तू पाहिल्या जातात. पाकिटातली वनस्पती समोरच्या देशाच्या मान्य यादीत आहे का, हे तिथे कोणी तपासत नाही. दुसरा समज ‘गिफ्ट’ या शब्दाबद्दलचा. भेटवस्तू असल्यामुळे काही देशांत ठरावीक किमतीपर्यंत कर माफ होतो. पण क्वारंटाईनच्या, म्हणजे कीड-रोग देशात येऊ नयेत म्हणून केलेल्या नियमांतून सुटका होत नाही. किंमत नगण्य लिहिली तरी बी ते बीच राहते.

दहा बियांनी काय बिघडणार, हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला जातो आणि त्याचे उत्तरही नीट द्यायला हवे. कंटेनरमधून येणाऱ्या बियाण्याला आयातदार असतो, कागद असतात, नमुना तपासणी असते. टपालातले पाकीट थेट कोणाच्या तरी वाफ्यात जाते आणि पुढे त्याचा माग राहत नाही. टोमॅटोवरचा ब्राऊन रुगोज फ्रूट व्हायरस २०१४ मध्ये इस्राएलमधील पिकात दिसला आणि काही वर्षांतच अनेक खंडांत पोचला. हा विषाणू बियांच्या सालीवर टिकतो, रोप उपटून लावताना हाताला, कात्रीला, दोरीला लागतो आणि शेजारच्या झाडावर जातो. बी पाहून काहीच कळत नाही. ते टपोरे आणि स्वच्छ असते. म्हणूनच टोमॅटो आणि मिरचीच्या बियांसाठी अनेक देश इतर भाज्यांपेक्षा कडक अटी घालतात. हौशी बागायतदार एकमेकांना सर्वांत जास्त पाठवतात तेही नेमके हेच बी.

आता कागदांबद्दल. आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण करार १९५१ चा आहे. त्याखाली प्रत्येक सदस्य देशात एक अधिकृत वनस्पती संरक्षण यंत्रणा असते आणि तिनेच दिलेले फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे वनस्पती आरोग्याचा अधिकृत दाखला, ग्राह्य धरले जाते. बोलताना त्याला सगळे फायटो म्हणतात. बियाणे कंपनीचे दर्जाचे प्रमाणपत्र, उगवणक्षमतेचा अहवाल, सेंद्रिय असल्याचा शिक्का किंवा खासगी प्रयोगशाळेचा कागद म्हणजे फायटो नव्हे. फायटोवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, प्रमाण, बी कुठे पिकले तो देश, पाठवणारा, घेणारा, काही प्रक्रिया केली असेल तर ती, आणि समोरच्या देशाने मागितले असेल तर जास्तीचे निवेदन असते. हे शेवटचे निवेदन सर्वांत जास्त विसरले जाते. आयातदार देशाने अमुक विषाणूची चाचणी मागितली असेल, तर तिचा उल्लेख त्या रकान्यात हवाच. नुसते ‘कीडमुक्त’ लिहून भागत नाही. हे अधिकाऱ्याला आपोआप माहीत असेल असे धरू नये. परवान्याची किंवा अटींची प्रत अर्जासोबत द्यावी.

फायटो असूनही पार्सल परत येते त्याची कारणे ठरावीक असतात. कागदावर १२ पाकिटे आणि खोक्यात १४. कागदावर एक शास्त्रीय नाव, पाकिटावर दुसरे, जुने नाव. मूळ प्रत मागाहून वेगळ्या लिफाफ्यात पाठवलेली. किंवा बी एका देशात पिकलेले, दुसऱ्या देशात पाकीटबंद होऊन विकलेले आणि तिथून तिसऱ्या देशात निघालेले. या शेवटच्या बाबतीत दुकान ज्या देशात आहे तो देश मूळ देश ठरत नाही. बी बाहेरून आलेले असेल तर बहुधा पुनर्निर्यातीचे सर्टिफिकेट लागते आणि त्याला मूळ फायटो किंवा त्याची प्रमाणित प्रत जोडावी लागते. किरकोळ पाकिटावर पिकल्याचा देश छापलेला नसेल तर हे जमवणे जवळजवळ अशक्य होते. तेव्हा विकत घेतानाच तो तपशील पाहावा.

देशांचे नियम एकमेकांशी जुळतीलच असे नाही. युरोपीय संघात १४ डिसेंबर २०१९ पासून बाहेरून येणाऱ्या जवळजवळ सर्व जिवंत वनस्पती, फळे, भाज्या आणि पेरणीचे बी यांना फायटो लागते; टपालाने आले तरी लागते. अननस, केळे, नारळ, डुरियन आणि खजूर ही पाच फळे तेवढी वगळली आहेत. आणखी एक अट अशी की पार्सल पाठवणाऱ्या देशातून निघते त्या दिवशी फायटो १४ दिवसांहून जुने असून चालत नाही. सर्टिफिकेट हातात घेऊन सवडीने पार्सल बांधणाऱ्यांचे इथेच फसते. ब्रिटन युरोपीय संघाच्या व्यवस्थेतून बाहेर पडल्यावर, २०२१ च्या सुरुवातीपासून, ग्रेट ब्रिटनमधून युरोपात जाणाऱ्या बियांनाही हीच अट लागू झाली. एका लिफाफ्यात पाच-सहा पाकिटे घालून वर्षानुवर्षे देवाणघेवाण करणाऱ्या हौशी बियाणे मंडळांना त्याचा मोठा फटका बसला. भारतात येणाऱ्या बियाण्याला प्लांट क्वारंटाईन आदेश, २००३ लागू आहे. त्यात सर्वसाधारणपणे आयात परवाना आणि फायटो दोन्ही लागतात.

अमेरिकेने छोट्या पाकिटांसाठी वेगळी वाट ठेवली आहे आणि ती आम्हाला इतर देशांनी घेण्यासारखी वाटते. बी घेणाऱ्याने कृषी खात्याच्या एफिस या यंत्रणेकडे पीपीक्यू ५८७ हा अर्ज करून ‘स्मॉल लॉट्स ऑफ सीड’ परवाना काढायचा. मग त्या परवान्यात बसणाऱ्या जातींना फायटो लागत नाही. अटी मात्र काटेकोर आहेत. एका पाकिटात एकाच जातीच्या जास्तीत जास्त ५० बिया, किंवा एकाच जातीचे जास्तीत जास्त १० ग्रॅम बी. एका पार्सलमध्ये जास्तीत जास्त ५० पाकिटे. प्रत्येक पाकिटावर शास्त्रीय नाव, निदान प्रजातीपर्यंत (जीनस), शक्यतो जातीपर्यंत (स्पीशीज). शिवाय मूळ देश आणि बी गोळा करणाऱ्याचे किंवा पाठवणाऱ्याचे नाव. बियांना कीटकनाशक चोळलेले नसावे. पाकिटात माती, भुसकट, वाळलेला गर, पानाचे तुकडे किंवा दुसरे बी नसावे. परवान्यासोबत हिरवी-पिवळी पत्त्याची लेबले मिळतात. घेणाऱ्याने ती पाठवणाऱ्याकडे धाडायची आणि पार्सलवर तीच चिकटवायची. पार्सल घरच्या पत्त्यावर जात नाही, आधी तपासणी केंद्रात जाते आणि तिथून पुढे सोडले जाते. लेबल न लावता थेट घराचा पत्ता लिहिला की परवाना असूनही पार्सल अडकते. परवान्याची प्रत आणि पाकिटांची छापील यादी आत ठेवायची. कुरियरने पाठवत असाल तर केंद्रापासून घरापर्यंतच्या प्रवासाचे, पैसे भरलेले लेबलही आत हवे. ज्या जातींवर बंदी आहे, ज्या घातक तणांच्या यादीत आहेत, परोपजीवी आहेत किंवा ज्यांना वेगळ्या अटी आहेत, त्या या वाटेने जात नाहीत.

ऑस्ट्रेलियात बायकॉन नावाची सरकारी माहितीप्रणाली सर्वांना खुली आहे. शास्त्रीय नाव घालून शोधले की त्या बियांना परवानगी आहे का, परवाना लागतो का, कोणती प्रक्रिया लागते हे कळते. न्यूझीलंडमध्ये जात आधी त्यांच्या वनस्पती सूचीत असावी लागते. सूचीत नसेल तर ती ‘नवा जीव’ ठरू शकते आणि तिला १९९६ च्या कायद्याखाली वेगळी मान्यता लागते, जी मिळवणे एकट्यादुकट्या बागायतदाराच्या आवाक्यातले नाही. या दोन्ही देशांत ‘रानफुलांचे मिश्रण’ असे पाकीट पाठवण्याच्या फंदात पडू नये. मिश्रणातल्या प्रत्येक जातीचे नाव लागते आणि एक जरी जात अमान्य निघाली तरी सगळे पाकीट अडवले जाते.

शास्त्रीय नावाचा आग्रह कशासाठी, तर बोलीतले एकच नाव चार वनस्पतींना असते आणि त्यांपैकी एखादी समोरच्या देशात तण म्हणून बंद असते. नाव खात्रीने सांगता येत नसेल तर ते बी पाठवू नये. अंदाजाने लिहिलेले नाव तपासणीत खोटे ठरले तर चूक आणि लबाडी यांत फरक करण्याची सोय अधिकाऱ्याला उरत नाही.

आत काय आहे ते जकातीसाठी जाहीर करण्याच्या टपालाच्या फॉर्मविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण पार्सल पुढे जाणार की नाही हे इथे ठरते. कमी किमतीच्या लहान पाकिटाला सीएन २२ हा छोटा फॉर्म चालतो. ३०० एसडीआर या आंतरराष्ट्रीय हिशेबी एककावर किंमत गेली की सीएन २३ लागतो. आमचा सल्ला असा की बी किंवा खाद्यपदार्थ असतील तर किंमत कितीही कमी असली तरी टपाल कार्यालयाकडे सीएन २३ मागावा. कारण साधे आहे: परवाना क्रमांक, सर्टिफिकेट क्रमांक आणि ‘क्वारंटाईन किंवा वनस्पती आरोग्य तपासणीस पात्र’ असा शेरा लिहायला रकाने त्याच फॉर्मवर आहेत. वर्णनात ‘सॅम्पल’, ‘घरगुती वस्तू’, ‘हर्बल’ असे मोघम शब्द लिहू नयेत. ‘पेरणीचे भाजीपाला बियाणे, ८ पाकिटे, एकूण ४० ग्रॅम’ आणि पुढे शास्त्रीय नावे, असे लिहावे. समोरच्या देशात चालणाऱ्या भाषेत, स्पष्ट अक्षरांत. पार्सल पोचवता आले नाही तर परत पाठवायचे की तिथेच सोडून द्यायचे, ही खूणही पार्सलच्या टपाल फॉर्मवर करायची असते. ती कोरी ठेवली तर निर्णय आपल्या हातात राहत नाही.

वस्तूच्या वर्गीकरणाचा सहा अंकी एचएस कोडही आता आधीच संगणकावर भरावा लागतो. युरोपने मार्च २०२१ पासून विमानाने येणाऱ्या टपालासाठी ही आगाऊ माहिती मागायला सुरुवात केली. पेरणीच्या बियांचा शीर्षक क्रमांक १२०९. त्यात भाज्यांच्या बिया १२०९९१, फुलझाडांच्या १२०९३०. पण वाटाणा, घेवडा, चवळी या शेंगवर्गीय भाज्यांचे बी पेरणीसाठी असले तरी १२०९ मध्ये येत नाही, ते ०७१३ खाली जाते. मका, गहू, भात यांचे बी दहाव्या प्रकरणात. सगळ्या पाकिटांवर सरसकट १२०९ टाकणे ही फार आढळणारी चूक आहे आणि वर्णन व कोड जुळला नाही की पार्सल हाताने तपासायला बाजूला काढले जाते.

पॅकिंग करताना बी पूर्ण वाळलेले असावे. ओलसर बी बंद प्लॅस्टिकमध्ये गेले की वाटेतच बुरशी धरते आणि बुरशी दिसली की ते बी पुढे सोडले जात नाही. कागदी पाकीट, त्यावर न पुसणाऱ्या शाईने नाव, आणि सगळी पाकिटे उघडून पुन्हा बंद करता येईल अशा एका पारदर्शक पिशवीत. स्टेपल आणि चिकटपट्टीचे थर टाळावेत. तपासनीसाला पाकीट फाडावे लागले तर बी सांडते आणि मिसळते. घरी धरलेले बी चाळून, पाखडून, पांढऱ्या कागदावर पसरून भिंगाने पाहावे. बारीक छिद्र असलेला एक दाणा आढळला तरी ती खेप बाजूला ठेवावी. शोभेची लाकडी पेटी वापरायची असेल तर ६ मिलिमीटरपेक्षा जाड कच्च्या लाकडाच्या पॅकिंगवर आयएसपीएम १५ या लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा शिक्का मागितला जातो. त्या लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सियसवर सलग ३० मिनिटे तापवलेला असतो किंवा त्याला दुसरी मान्य प्रक्रिया केलेली असते. पुठ्ठा वापरावा, हे प्रश्नच येत नाहीत.

खाद्यपदार्थांत बघायचे ते असे: हा पदार्थ पेरला तर उगवेल का, आणि यात प्राण्यापासून आलेले काही आहे का? अख्खे कच्चे धान्य, डाळी होण्याआधीची कडधान्ये, अख्खे मसाल्याचे दाणे हे स्वयंपाकासाठी असले तरी क्वारंटाईनच्या नजरेत बीच असते. शिवाय त्यात खापरा किडा लपून येतो. या किड्याची अळी खोक्याच्या फटीत, पोत्याच्या शिवणीत अन्नाशिवाय फार दीर्घकाळ जिवंत राहते आणि साध्या धुरीला सहजासहजी दाद देत नाही. ऑस्ट्रेलियाने १५ ऑक्टोबर २०२० पासून तांदूळ, हरभरा, मसूर, मूग, धने, जिरे, बडीशेप, सुक्या मिरच्या अशा जोखमीच्या यादीतल्या वस्तू टपालातून आणि प्रवाशांच्या सामानातून आणण्यावर बंदी घातली. कंपनीने भाजून, तळून, उकडून, म्हणजे नीट उष्णता देऊन पॅक केलेल्या वस्तू या बंदीतून वगळल्या आहेत. हा फरक लक्षात ठेवला तर बरेच पदार्थ सुटतात, मात्र प्रक्रिया पाकिटावर लिहिलेली असली पाहिजे. अमेरिकेनेही खापरा असलेल्या देशांतून खासगी सामानात येणारा तांदूळ २०११ पासून बंद केला आहे. आणि खसखस तर काही देशांत, उदाहरणार्थ संयुक्त अरब अमिरातीत आणि सौदी अरेबियात, अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. तिथे ती कोणत्याही स्वरूपात पाठवू नये.

मांस आणि दूध यांच्याबाबत सवलतीची आशा धरू नये. ब्रिटनमध्ये २००१ साली लाळ्या-खुरकुताची साथ आली, ६० लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली, आणि तिचा उगम डुकरांना घातलेल्या, न उकळलेल्या खरकट्यात असल्याचे मानले जाते. आफ्रिकन स्वाइन फीव्हरचा विषाणू खारवलेल्या, वाळवलेल्या डुकराच्या मांसात महिनोन्‌महिने टिकतो. युरोपीय संघात बाहेरून खासगी पार्सलने मांस आणि दुधाचे पदार्थ येऊ देत नाहीत. बाळाची दूधभुकटी आणि वैद्यकीय कारणाचे विशेष अन्न यांना २ किलोपर्यंत सूट आहे, तीही न फोडलेल्या कंपनीच्या पॅकिंगमध्ये आणि उघडण्याआधी फ्रीज लागत नसेल तर. मध निरुपद्रवी वाटतो, पण मधमाश्यांच्या फाउलब्रूड रोगाचे बीजाणू त्यात वर्षानुवर्षे जिवंत राहतात. माणसाला त्यांचा त्रास नाही, पोळ्यातल्या अळ्या मरतात. न्यूझीलंडने म्हणूनच बहुतेक देशांतला मध बंद ठेवला आहे.

बिस्किटे, पाव, कोरडे गोड पदार्थ यांना तुलनेने अडथळा कमी. घरी केलेल्या पदार्थावर घटकांची पूर्ण यादी चिकटवावी. पिठात अंडे किंवा दूधभुकटी आहे की नाही हे तपासनीसाला चवीने ठरवता येत नाही. अमेरिकेत खाद्यपदार्थ पाठवताना एफडीएला, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाला, पूर्वसूचना द्यावी लागते, टपालाने जाणार असेल तर पार्सल टाकण्याआधीच, आणि तिचा क्रमांक पार्सलसोबत हवा. स्वतःच्या घरी करून व्यक्तीने व्यक्तीला भेट म्हणून पाठवलेला पदार्थ या पूर्वसूचनेतून वगळला आहे. पण ही सूट फक्त पूर्वसूचनेपुरती आहे. मांस, कच्चे धान्य, ताजी फळे यांवरचे कृषी खात्याचे निर्बंध तसेच राहतात. या एका सवलतीचा अर्थ ‘घरचे सगळे चालते’ असा लावला जातो, तो चूक आहे.

दुर्मीळ वनस्पतींना साइट्स हा संकटग्रस्त जातींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार वेगळा लागू होतो. त्याच्या परिशिष्ट एकमधल्या जातींचे बी, आणि मेक्सिकोतून निघणारे निवडुंगाचे बी, यांना साइट्सचे कागद लागतात. फायटो असले तरी ते त्याची जागा घेत नाही.

हे नियम किचकट आहेत हे आम्हाला मान्य आहे, आणि सर्वसामान्य माणसाने सगळे पाठ करावेत ही अपेक्षा रास्त नाही. म्हणून दोन ठोस मागण्या. टपाल आणि कुरियर सेवांनी पैसे घेण्याआधी ‘यात पेरता येईल असे काही आहे का, प्राणिजन्य काही आहे का’ हे दोन प्रश्न विचारावेत आणि उत्तर ‘हो’ असेल तर परवाना क्रमांक भरल्याशिवाय पुढचे पान उघडू नये. आणि ऑनलाइन बियाणे विकणाऱ्या संकेतस्थळांनी पत्ता परदेशी दिसताच विक्री थांबवून त्या देशाची अट दाखवावी. आज अनेक विक्रेते बियांवर दुसऱ्याच वस्तूचे लेबल लावून माल पाठवतात आणि जप्ती मात्र ग्राहकाच्या नावावर लागते.

न मागवता बी आले तर काय करायचे, हेही सांगायला हवे. जुलै २०२० मध्ये अमेरिकेत असंख्य लोकांना कोणीही न मागवलेली बियांची पाकिटे मिळाली. अनेकांवर ‘दागिने’ असे लिहिलेले होते. खोट्या विक्रीची नोंद दाखवून विक्रेत्याची ऑनलाइन परीक्षणे (रिव्ह्यू) वाढवण्याचा तो प्रकार असावा असे तिथल्या कृषी खात्याने सांगितले. असे पाकीट उघडू नये, पेरू नये, कचऱ्यात किंवा खतखड्ड्यात टाकू नये; तिथेही ते उगवते. संडासात वाहवूनही देऊ नये. बाहेरचा लिफाफा आणि लेबल यांसह ते एका बंद पिशवीत ठेवून जवळच्या वनस्पती संगरोध (क्वारंटाईन) किंवा कृषी कार्यालयाला कळवावे, आणि ते सांगतील तसे सुपूर्द करावे. लिफाफा फेकून नुसत्या बिया नेऊन दिल्या तर पाठवणाऱ्याचा शोध घेता येत नाही.

आपले,
बियाणे आणि वनस्पती संरक्षण या विषयांचे काही अभ्यासक